मध्ययुगीन फ्रान्समधल्या सरदार घराण्यांतल्या स्त्रिया आणि त्यांची लग्नं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगातल्या फ्रेंच राण्या आणि सरदारणींबद्दल मी बोलायला लागले की समोरून ठरावीक प्रश्न येतात. बहुतेक प्रश्न प्रेमाबद्दल किंवा जुलमाबद्दल असतात. जमिनीबद्दल क्वचितच कुणी विचारतं, आणि खरं उत्तर मात्र बहुतेक वेळा जमिनीपाशीच सापडतं. म्हणून हे प्रश्न इथे एकत्र करून सविस्तर उत्तरं लिहिली आहेत.

या स्त्रिया म्हणजे नेमक्या कोण? आणि काळ कोणता?

नवव्या शतकापासून १५०० च्या आसपासपर्यंतचा काळ धरू. राणी, ड्यूकची मुलगी, काउंटची बायको, आणि एखादी गढी व चार गावं बाळगून असलेल्या लहान सरदाराची लेक, या सगळ्या यात येतात. कागदपत्रं मोठ्या घरांतली जास्त टिकली, त्यामुळे नावानिशी माहिती मिळते ती मुख्यतः वरच्या थरातल्या बायकांची.

तेव्हाचा फ्रान्स आजच्यासारखा एकसंध देश नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. राजाचा थेट अंमल पॅरिस आणि ऑर्लेआंच्या आसपास होता. अकितेन, ब्रिटनी, शांपेन, फ्लँडर्स, तुलूज हे मोठे मुलूख मांडलिकांच्या हातात होते. उत्तरेत प्रत्येक प्रांताची वेगळी रूढी चालायची, दक्षिणेत रोमन कायद्याची छाप होती. त्यामुळे ‘मध्ययुगात बायकांना अमुक हक्क होता’ असं सरसकट वाक्य कुणी ऐकवलं, तर आधी प्रांत आणि शतक विचारावं.

लग्न कोण ठरवायचं?

वडील ठरवायचे. वडील नसतील तर भाऊ किंवा काका. आणि बऱ्याचदा ज्याच्याकडून जहागीर मिळालेली असे तो धनी. यातलं शेवटचं नाव वाचून आपल्याला आश्चर्य वाटतं, पण कारण सरळ आहे. भाऊ नसलेली मुलगी लग्न करते तेव्हा तिच्यामागून किल्ले, नाके आणि सैनिक जावयाच्या हाती जातात. ते वैऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून धनी त्या सोयरिकीवर डोळा ठेवून असे.

सगळ्यात ठळक उदाहरण अलिएनोरचं. इंग्रजी पुस्तकांत ती एलेनॉर म्हणून भेटते. तिचे वडील अकितेनचे ड्यूक. ते एप्रिल ११३७ मध्ये स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेत वारले. मुलगा उरला नव्हता. मुलीची जबाबदारी त्यांनी फ्रान्सच्या राजावर सोपवली होती. राजाने वेळ दवडला नाही. २५ जुलै ११३७ रोजी बोर्दोच्या कॅथीड्रलमध्ये तिचं राजपुत्र लुईशी (पुढचा राजा सातवा लुई) लग्न लागलं, आणि १ ऑगस्टला म्हातारा राजा गेल्यामुळे आठवड्याभरात ती राणी झाली. राजाच्या स्वतःच्या मुलखापेक्षा तिने आणलेला मुलूख मोठा होता.

दुसरं उदाहरण तुलूजच्या जानचं. चर्चने पाखंडी ठरवलेल्यांविरुद्ध दक्षिणेत झालेल्या धर्मयुद्धात हरलेला तिथला काउंट सातवा रेमाँ याने १२२९ च्या तहात आपली एकुलती एक मुलगी राजाचा भाऊ आल्फाँस याला देण्याचं कबूल केलं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे १२७१ मध्ये जान आणि आल्फाँस काही दिवसांच्या अंतराने निपुत्रिक वारले, आणि दक्षिणेतल्या लांगदॉक प्रांताचा मोठा भाग राजाच्या खजिन्याला जोडला गेला. युद्धाने जिंकलेलं पक्कं केलं ते या सोयरिकीने.

मुलीला कुणी विचारायचं का?

कायद्याने विचारावंच लागे. बाराव्या शतकात चर्चने हे पक्कं केलं की लग्न होतं ते वधूवरांच्या संमतीने. पोप तिसरा अलेक्झांडर याच्या निर्णयांनंतर तर वर्तमानकाळात उच्चारलेला शब्द, म्हणजे ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते’, एवढ्यानेही लग्न बांधलं जाई. आईबापांची परवानगी त्यासाठी आवश्यक नव्हती.

प्रत्यक्षात बारातेरा वर्षांच्या मुलीने भरल्या सभेत ‘नाही’ म्हणणं किती अवघड, ते सांगायला नको. तरीही हा नियम पोकळ नव्हता. पुढे प्रकरण न्यायासनासमोर गेलं की ‘माझी संमती नव्हती’ हे वाक्य तिच्या हातातलं खरं हत्यार असे.

लग्नाचं वय काय होतं?

चर्चच्या नियमाने मुलगी १२, मुलगा १४. वाङ्निश्चय मात्र सात वर्षांनंतर करता येई आणि राजघराण्यांत तो पाळण्यातही होई. ठरलेली मुलगी पुष्कळदा लहानपणीच सासरी पाठवली जायची, तिथली भाषा आणि रीत शिकायला. एक गोष्ट सांगायला हवी : बारा हे किमान वय होतं, नेहमीचं नव्हे. मोठा वारसा किंवा तह अडकलेला असला की घाई होई, एरवी थोडं थांबत.

हुंडा होता का?

होता, पण आपल्याकडच्या हुंड्याची कल्पना तशीच्या तशी तिथे लावली तर गोंधळ होतो. तिथे देणं दोन्ही बाजूंनी होतं.

मुलीच्या घरून जाई ती ‘दोत’ : रोख रक्कम, जमीन किंवा दोन्ही. ती नवऱ्याच्या ताब्यात राही, पण मूलबाळ न होता मुलगी गेली तर दिलेली जमीन सहसा माहेरी परत जायची. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी सरदार आपल्या मांडलिकांकडून खास पट्टीही वसूल करू शकत असे. अशा पट्टीचे चारच प्रसंग मान्य होते : थोरल्या मुलाला नाईट (घोडेस्वार योद्धा) करणं, थोरल्या मुलीचं लग्न, धन्याची खंडणी भरून सुटका, आणि धर्मयुद्धावर (क्रुसेडवर) जाणं.

नवऱ्याकडून मिळे तो ‘दुएर’. मला विचाराल तर या स्त्रियांचं आयुष्य समजून घेण्यासाठी एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर हा. नवरा आधी गेला तर बायकोला हयातभर उपभोगायला मिळणारा त्याच्या मिळकतीचा हा वाटा. १२१४ मध्ये राजा दुसऱ्या फिलिपने तो लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडे असलेल्या मिळकतीच्या निम्मा ठरवून दिला. नॉर्मंडीत एकतृतीयांशाची रूढी होती. ती जमीन विकण्याचा हक्क तिला नसे आणि तिच्यानंतर ती नवऱ्याच्या वारसांकडे जाई. पण ती जिवंत असेतो उत्पन्न तिचं. तरुण विधवा चाळीस वर्षं जगली, तर तिच्या सावत्र मुलाला किंवा दिराला चाळीस वर्षं अर्ध्या जहागिरीवर भागवावं लागे. कोर्टातले कितीतरी तंटे यातूनच उभे राहिले.

शब्द दिलेली दोत पूर्ण मिळेच असंही नाही. प्रोव्हान्सच्या काउंटने चार मुलींपैकी थोरल्या मार्गरीतला फ्रान्सचा राजा नववा लुई याला देताना १०,००० मार्क (चांदीच्या वजनाचं माप) चांदी कबूल केली. त्यातला मोठा भाग आलाच नाही. वर मृत्युपत्रात त्याने सगळा प्रोव्हान्स धाकट्या बेआत्रीसच्या नावे केला आणि ती मार्गरीतच्याच दिराची बायको झाली. मार्गरीतने हा हक्क आयुष्यभर सोडला नाही. या चौघी बहिणींच्या नवऱ्यांची यादी अशी : फ्रान्सचा राजा, इंग्लंडचा राजा, इंग्लंडच्या राजाचा भाऊ, फ्रान्सच्या राजाचा भाऊ. चौघींनाही पुढे राणीपद मिळालं.

लग्न लागायचं कसं?

चर्चच्या आत नव्हे, दाराशी. तिथे पुजाऱ्यासमोर आणि गावासमोर संमतीचे शब्द, अंगठी आणि नाणी. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत तेरा नाणी देत. दुएरही तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असा जाहीर व्हायचा. कायद्याचा जाणकार बोमान्वार १२८३ मध्ये लिहून ठेवतो की पुजारी नवऱ्याकडून वदवून घेई : माझ्या आणि तुझ्या आप्तांमध्ये ठरलेला दुएर मी तुला देतो. मग सगळे आत प्रार्थनेला जात, जेवणावळ होई, आणि रात्री पुजारी पलंगावर आशीर्वादाचं पाणी शिंपडे. १२१५ नंतर लग्नाची आगाऊ जाहीर घोषणाही सक्तीची झाली, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून.

घटस्फोट मिळायचा का?

नाही. पण लग्न मुळात झालंच नव्हतं, असा निवाडा मिळू शकत असे, आणि त्याचा राजमार्ग म्हणजे जवळचं नातं. १२१५ पर्यंत चर्चने सात पिढ्यांपर्यंतच्या नात्यात लग्न निषिद्ध ठरवलं होतं. मोठी घराणी एकमेकांत इतकी गुंतलेली की हा नियम तंतोतंत पाळला तर कुणाचंच लग्न जमू नये. त्यामुळे लग्नाच्या वेळी सगळे नात्याकडे डोळेझाक करत आणि लग्न नकोसं झालं की वंशवेल बाहेर काढत. १२१५ मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने ही मर्यादा चार पिढ्यांवर आणली.

अलिएनोर आणि सातवा लुई यांचं लग्न असंच मोडलं. पंधरा वर्षांत दोन मुली झाल्या, मुलगा नाही. दुसऱ्या धर्मयुद्धाच्या प्रवासात अँटिऑकला दोघांत उघड भांडण झालं आणि नात्याचा मुद्दा तिथे तिने स्वतःच काढला, असं तिच्या काळातले लेखक नोंदवतात. २१ मार्च ११५२ रोजी बोजांसीला धर्मगुरूंच्या सभेने लग्न रद्द केलं. मुली बापाकडे राहिल्या. अकितेन तिच्याबरोबर परत गेलं.

आता तिचा परतीचा प्रवास पाहा. बोजांसीहून पॉतिएला जाताना वाटेत दोघांनी तिला पळवायचा बेत केला होता : ब्लवाचा काउंट तिबो आणि आंजूच्या काउंट घराण्यातला धाकटा भाऊ जॉफ्रवा. वारसदार स्त्रीला पळवून लग्न लावलं की मुलूख हाती येतो, हा तो हिशेब. तिने वाट बदलून दोघांना चुकवलं आणि १८ मे रोजी, म्हणजे दोन महिनेही उलटायच्या आत, जॉफ्रवाच्या थोरल्या भावाशी, हेन्रीशी लग्न केलं. तो एकोणीस वर्षांचा, ती तिशीच्या आसपास. त्याच्याशी असलेलं तिचं नातं लुईपेक्षा काही लांबचं नव्हतं. दोन वर्षांत हेन्री इंग्लंडचा राजा झाला, आणि लुईला मुलगा न देणाऱ्या या राणीला हेन्रीपासून पाच मुलगे आणि तीन मुली झाल्या.

आणि नवऱ्यानेच टाकलं तर?

मग इंगेबोर्गची गोष्ट वाचावी. मला ती सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते.

ती डेन्मार्कची राजकन्या. ऑगस्ट ११९३ मध्ये आमिएँ इथे दुसऱ्या फिलिपशी तिचं लग्न झालं. भावाने दोत म्हणून १०,००० मार्क चांदी दिली होती. दुसऱ्या दिवशी राज्याभिषेकाच्या विधीतच राजाचा चेहरा उतरला आणि त्यानंतर त्याने तिला जवळ येऊ दिलं नाही. नोव्हेंबरमध्ये काँपिएनला राजाच्या मर्जीतल्या बिशप-सरदारांनी खोटी वंशावळ दाखवून लग्न रद्द केलं. इंगेबोर्गला फ्रेंच येत नव्हतं. दुभाष्याने निकाल सांगितला तेव्हा ती मोडक्या लॅटिनमध्ये ओरडली : दुष्ट फ्रान्स! रोम! रोम!

या दोन शब्दांत तिने पोपकडे दाद मागितली होती. माहेरी परत जायला तिने ठाम नकार दिला. राजाने ११९६ मध्ये आन्येस नावाच्या दुसऱ्या राजकन्येशी लग्न केलं आणि इंगेबोर्गला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत अखेर एतांपच्या बुरुजात ठेवलं. अन्न अपुरं, कपडे अपुरे, भेटायला कुणी नाही. हे तिच्या पत्रांतून पोपला कळत होतं. १२०० मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने फ्रान्सवर धर्मविधींची बंदी घातली. काही महिने देशात लग्नं लागेनात, मृतांना विधिवत पुरता येईना. राजाने नात्याचं कारण दिलं, मग तिने आपल्यावर करणी केल्याचं सांगितलं. ती मात्र एकाच जबाबावर ठाम राहिली : आमचं लग्न पूर्ण झालं आहे, मी राणी आहे.

वीस वर्षांनी, १२१३ मध्ये, राजाने तिला पुन्हा राणी म्हणून दरबारात आणलं. संसार झाला नाही तो नाहीच. पण १२२३ मध्ये फिलिप गेल्यावर ती फ्रान्सची राजविधवा म्हणून मानाने जगली, आपल्या दुएरच्या उत्पन्नातून तिने कॉर्बेईजवळ मठ उभारला आणि तिथेच तिला पुरलं. तिचं सोन्याच्या मुलाम्याने उजळलेलं स्तोत्रांचं पुस्तक आज शांतियीच्या संग्रहालयात आहे.

सासूचं काय? तिथेही सासुरवास होता?

हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात, आणि उत्तर त्यांना ओळखीचं वाटेल असं आहे.

आधी सासूची ओळख. कास्तीलची ब्लांश ही अलिएनोरची नात. १२०० मध्ये सत्तरी केव्हाच ओलांडलेली अलिएनोर तिला आणायला हिवाळ्यात पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये गेली. ब्लांश बारा वर्षांची, नवरदेव, म्हणजे दुसऱ्या फिलिपचा मुलगा लुई, हाही बाराचा. लग्न नॉर्मंडीत लावावं लागलं, कारण इंगेबोर्गपायी फ्रान्सवर तेव्हा ती बंदी होती. १२२६ मध्ये ब्लांश विधवा झाली, मुलगा नववा लुई बारा वर्षांचा, आणि सरदार बंडाच्या तयारीत. तिने राज्य सांभाळलं, बंडं मोडली, मुलाला घडवलं. फ्रान्सला लाभलेल्या उत्तम राज्यकर्त्यांत मी तिचं नाव घेईन.

१२३४ मध्ये सून आली, प्रोव्हान्सची तेरा वर्षांची मार्गरीत. राजाचा सोबती जॉइनव्हील याने लिहिलेल्या आठवणींत या घरातलं चित्र आहे. दिवसा मुलाने सुनेजवळ बसलेलं ब्लांशला खपत नसे. पाँत्वाजच्या वाड्यात राजाची खोली वर आणि राणीची बरोबर खाली होती, मध्ये गोल जिना. दोघं त्या जिन्यात भेटून बोलत. सासूबाई येताना दिसल्या की द्वारपाल काठीने दार वाजवत आणि ज्याने त्याने आपापल्या खोलीत धाव घ्यायची. एकदा अवघड बाळंतपणात मार्गरीत मरणाच्या दारात होती. राजा जवळ बसला होता. ब्लांशने त्याचा हात धरून म्हटलं, चला, इथे तुमचं काही काम नाही. मार्गरीत ओरडली की जगताना नाही आणि मरतानाही तुम्ही मला माझ्या धन्याला पाहू देणार नाही. आणि ती बेशुद्ध पडली. राजा मागे फिरला.

१२५२ मध्ये ब्लांश गेल्याची बातमी धर्मयुद्धावर गेलेल्या राजाराणीला पॅलेस्टाइनमध्ये कळली तेव्हा मार्गरीत रडत होती. जॉइनव्हीलने विचारलं, जी तुम्हाला सगळ्यांत नकोशी होती तिच्यासाठी रडता? ती म्हणाली, तिच्यासाठी नाही, राजाच्या दुःखासाठी, आणि माझी मुलगी आता पुरुषांच्या हाती उरली म्हणून. मुलगी फ्रान्समध्ये आजीजवळ होती.

मुलांशी त्यांचं नातं कसं असे?

बाळाला दूध पाजायला दाई असे. त्यामुळे पुढचं बाळंतपण लवकर येई. दहाबारा बाळंतपणं नवलाची नव्हती, आणि त्यातली निम्मी मुलं हाताशी लागली तरी नशीब. ब्रिटनीच्या आनला दोन नवऱ्यांपासून चौदाच्या आसपास गर्भधारणा झाल्या. जगल्या दोन मुली. ती स्वतः १५१४ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेली.

मुलं सातआठ वर्षांची झाली की दुसऱ्या घरी जात : मुलगे शस्त्रविद्येला, मुली सासरी. म्हणून या आया थंड होत्या असा निष्कर्ष काढला जातो. तसं वाटत असेल तर धुओदाची कहाणी ऐका. नवव्या शतकातली ही सरदारीण दक्षिणेत उझेसला एकटी राहत होती. नवरा दूर, राजकारणात. थोरला गियोम राजाकडे ओलीस म्हणून पाठवलेला. धाकटा जन्मताच, बाप्तिस्मा होण्याआधी, नवऱ्याने नेला. ८४१ ते ८४३ या काळात तिने थोरल्यासाठी लॅटिनमध्ये शिकवणीचं पुस्तक लिहिलं : देवाशी, बापाशी, राजाशी कसं वागावं, कोणासाठी प्रार्थना करावी. त्यात ती धाकट्याचाही उल्लेख करते, पण नाव न घेता. त्याचं नाव काय ठेवलं, हे तिला कुणी कळवलंच नव्हतं.

रोजचा दिवस कसा जायचा? भरतकाम आणि गाणी?

भरतकाम होतं, बुद्धिबळ होतं, ससाणा घेऊन शिकारही होती. पण दिवसाचा मोठा भाग हिशेबाचा. गढीवर शंभर माणसं जेवत असतील तर धान्य, मीठ, मेणबत्त्या, घोड्यांचा चारा, नोकरांचा पगार, पाहुण्यांची सरबराई या सगळ्याला जबाबदार कोण? कारभारी असे, पण त्याचा हिशेब तपासणारी मालकीणच.

क्रिस्तीन द पिझान स्वतः पंचविशीत विधवा झालेली, लेखणीवर घर चालवणारी. १४०५ च्या सुमारास ती सरदारणींना लिहिते की आपलं उत्पन्न नेमकं किती ते जाणून घ्या आणि त्याचे भाग पाडा : दानधर्म, घरखर्च, पगार, भेटी, आणि कपडे-दागिने-शिल्लक. ती पुढे म्हणते की जहागीरदाराच्या बायकोला युद्धाचे कायदेही ठाऊक हवेत, कारण नवरा नसताना हल्ला झाला तर बचाव तिला करायचा आहे. आर्त्वाची काउंटेस माओ हिच्या घरचे हिशेबाचे कागद आरासच्या दप्तरखान्यात आहेत. चित्रकार, पुस्तकं, रुग्णालयाला दिलेलं दान, सगळं नोंदलेलं.

वाचता बहुतेकींना येई. स्तोत्रांचं पुस्तक हीच बाराखडी, आणि मुलांना ती शिकवणारी पहिली शिक्षक आईच.

नवरा युद्धावर गेला की काय व्हायचं?

बायको राज्य करायची. ब्लवाच्या आदेलचं उदाहरण घेते. ती इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची मुलगी. नवरा एतिएन १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धावर गेला आणि मुलूख तिच्या हाती दिला. त्याची दोन पत्रं टिकून आहेत. एकात तो अभिमानाने सांगतो की निघताना तू जेवढं सोनंचांदी दिलंस त्याच्या दुप्पट आता माझ्याकडे आहे. पुढे १०९८ मध्ये अँटिऑकच्या वेढ्यातून तो पळून घरी आला. आदेलला ही नामुष्की सहन झाली नाही. तिने त्याला परत पाठवलं आणि ११०२ मध्ये तो रामला इथे मारला गेला. ती पुढेही कारभार बघत राहिली, थोरल्याला बाजूला ठेवून दुसऱ्या मुलाला वारस केलं, आणि ११२० मध्ये सगळं सोपवून मार्सिन्यीच्या मठात गेली.

मघाच्या मार्गरीतची कसोटी १२५० मध्ये इजिप्तमध्ये लागली. राजा कैद झाला, आणि ती दमिएत्ता बंदरात दिवस भरलेली. पलंगापाशी ऐंशी वर्षांचा एक म्हातारा नाईट राखणीला होता. तिने त्याच्याकडून वचन घेतलं की शत्रू शहरात शिरला तर आधी माझं डोकं उडवा. तो म्हणाला, माझ्या मनात ते आधीच होतं. मूल जन्मलं त्याच दिवशी कळलं की इटलीतल्या पिसा आणि जिनोव्हाचे लोक शहर सोडून निघालेत, अन्न संपलंय. शहर गेलं तर राजाच्या सुटकेसाठी द्यायला काही उरत नव्हतं. तिने त्यांना बाळंतिणीच्या खोलीत बोलावलं आणि सगळ्यांचं अन्न राजाच्या खर्चाने विकत घ्यायचं कबूल करून थांबवलं. त्या मुलाचं नाव जाँ ‘त्रिस्ताँ’ ठेवलं, दुःखात जन्मलेला म्हणून.

विधवा झाल्यावर?

विरोधाभास वाटेल, पण कायद्याच्या नजरेत सगळ्यांत मोकळी स्त्री म्हणजे विधवा. कुमारी बापाच्या, विवाहिता नवऱ्याच्या अधिकाराखाली. विधवा स्वतःच्या नावाने करार करू शके, दावा लावू शके, अज्ञान मुलाचा कारभार पाहू शके.

म्हणूनच तिच्यावर पुन्हा लग्नाचा दबाव येई. नव्हारची ब्लांश (ही वेगळी ब्लांश) १२०१ मध्ये शांपेनची विधवा काउंटेस झाली तेव्हा गरोदर होती. राजाने तिच्याकडून लिहून घेतलं की माझ्या परवानगीशिवाय लग्न करणार नाही, आणि तिची लहान मुलगी आपल्याकडे ठेवून घेतली. मुलगा तिबो बापाच्या मृत्यूनंतर जन्मला. मृत काउंटच्या पुतणीच्या नवऱ्याने, एरार द ब्रिएनने, मुलखावर हक्क सांगून युद्ध पुकारलं. ब्लांशने एकवीस वर्षं शांपेन राखलं आणि १२२२ मध्ये सज्ञान झालेल्या मुलाच्या हाती दिलं. तिने पुन्हा लग्न केलं नाही.

इझाबेल द आंगुलेमने मात्र केलं, आणि स्वतःच्या निर्णयाने. १२०० मध्ये ती लुझिन्यां घराण्यातल्या नवव्या ह्यूगला वाङ्निश्चयाने दिलेली होती. इंग्लंडच्या जॉन राजाने मध्येच तिच्याशी लग्न केलं. ह्यूगच्या बाजूने फ्रान्सच्या राजापुढे फिर्याद गेली, जॉन हजर राहिला नाही, आणि १२०४ पर्यंत नॉर्मंडी त्याच्या हातून गेली. जॉनच्या मृत्यूनंतर ती माहेरच्या जहागिरीत परतली आणि १२२० मध्ये त्याच ह्यूगच्या मुलाशी, दहाव्या ह्यूगशी, लग्न केलं. तो तिच्या स्वतःच्या लहान मुलीचा नियोजित वर होता. तिचं इंग्लंडच्या राजाला, म्हणजे स्वतःच्या मुलालाच, लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे : मुलगी अजून लहान, ह्यूगने दुसरीकडे लग्न केलं असतं तर आपल्या जमिनी धोक्यात आल्या असत्या, म्हणून मीच केलं.

स्त्रीला गादी मिळायची का?

जहागिरीची मिळे. ११६४ मध्ये सातव्या लुईने नार्बॉनच्या सत्ताधारी एर्मांगार्दला लिहिलं की आमच्या राज्याच्या रिवाजात पुरुष वारस नसेल तर स्त्री वारस होते आणि कारभारही पाहते. रोमन कायद्याने स्त्रीला न्यायदान वर्ज्य होतं. राजाने तिला न्यायासनावर बसायला सांगितलं. आर्त्वाची माओ तर १३०२ मध्ये पुतण्याला डावलून काउंटेस झाली, कारण तिथल्या रूढीत मेलेल्या मुलाच्या मुलापेक्षा जिवंत मुलीचा हक्क वरचा होता.

राजगादीचं वेगळं झालं. १३१६ मध्ये दहावा लुई गेला, त्याचा नंतर जन्मलेला मुलगा पाच दिवस जगला, आणि मागे राहिली चार वर्षांची जान. तिच्या काकाने मुकुट घेतला. फेब्रुवारी १३१७ च्या सभेने जाहीर केलं की स्त्री फ्रान्सच्या गादीवर येत नाही. त्या काकाच्या राज्याभिषेकाला राज्याच्या मानकऱ्यांपैकी एक म्हणून मुकुटाला हात लावायला माओ हजर होती. तिची मुलगी, म्हणजे त्या काकाची बायको, राणी होत होती. ‘सालिक कायदा’, म्हणजे स्त्रीला वारसा नाकारणारा जुना फ्रँक लोकांचा कायदा, हे कारण पुष्कळ नंतर जोडलेलं आहे. १३१७ मध्ये त्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

बायकोच्या पातिव्रत्यासाठी तिच्या कमरेला लावायचे लोखंडी पट्टे आणि रयतेतल्या नववधूवर सरदाराचा ‘पहिल्या रात्रीचा हक्क’ खरे होते का?

नाही. पट्ट्याचं सर्वांत जुनं चित्र १४०५ च्या एका युद्धयंत्रांच्या हस्तलिखितात आहे, तेही थट्टेच्या सुरात. संग्रहालयांतले नमुने मध्ययुगानंतरचे, बरेचसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले निघाले. पहिल्या रात्रीचा हक्क कोणत्याही फ्रेंच कायद्यात नाही. रयतेकडून लग्नाची पट्टी घेतली जाई, ही गोष्ट खरी.

मग प्रेम? ती गाणी कुणाची?

दक्षिणेतल्या कवींनी गायलेलं प्रेम बहुधा दुसऱ्याच्या बायकोवरचं आणि दुरूनच. त्यावरून प्रत्यक्ष वागण्याचा अंदाज बांधू नये. मला जास्त मोलाच्या वाटतात त्या गाणाऱ्या स्त्रिया, सुमारे वीस नावं माहीत आहेत. दीची काउंटेस त्यांतली एक. तिच्या एका गाण्याची चालही टिकली. स्त्रीने रचलेल्या त्या परंपरेतल्या गाण्यांत चालीसकट उरलेलं तेवढं एकच.

मठात जाणं ही शिक्षा होती का?

कधी होती. नको असलेल्या मुली, नको झालेल्या राण्या मठात गेल्या. पण फाँतव्रोसारख्या ठिकाणी मठाध्यक्षेच्या हाताखाली पुरुष साधूही असत. संस्थापक रोबेर दार्ब्रिसेलने आग्रह धरला की मठाची प्रमुख मठात वाढलेली मुलगी नको, संसार केलेली बाई हवी, कारण तिला व्यवहार कळतो. १११५ मध्ये पेत्रोनिय द शमिये ही विधवा पहिली मठाध्यक्षा झाली.

या बायकांचं आज काय पाहायला मिळतं?

त्यांचे शिक्के पाहा. पुरुषाच्या शिक्क्यावर घोडेस्वार असतो. स्त्रीचा शिक्का बदामासारखा टोकदार, त्यात ती उभी, हातात फूल किंवा ससाणा. लूव्हरमध्ये स्फटिकाचं एक भांडं आहे, अलिएनोरने पहिल्या नवऱ्याला दिलेलं. तिच्या हातातली म्हणून ओळखता येणारी तेवढीच वस्तू उरली.

आणि जमलं तर फाँतव्रोला, अलिएनोरला जिथे पुरलं त्या मठात, जा. मठाचा १८०४ मध्ये तुरुंग झाला होता आणि १९६३ पर्यंत तो तुरुंगच होता. हाडं फ्रेंच राज्यक्रांतीच्या गदारोळात गेली, पण रंगवलेल्या चार मूर्ती चर्चमध्ये आहेत : हेन्री, त्यांचा मुलगा रिचर्ड, सून इझाबेल द आंगुलेम आणि अलिएनोर. बंड करणाऱ्या मुलांना साथ दिली म्हणून हेन्रीने तिला पंधरा वर्षं कैदेत ठेवलं होतं. तो गेल्यावर ती सुटली आणि आणखी पंधरा वर्षं जगून १२०४ मध्ये वारली. हेन्री आणि रिचर्ड हातात राजदंड घेऊन डोळे मिटून पडले आहेत. ती त्यांच्याशेजारी उताणी झोपलेली, दोन्ही हातांत उघडं पुस्तक धरून वाचते आहे.